कात्री कधी, पाणी कधी: बेळगाव भागातली वसंतातली फुलबाग

होळीच्या सुमाराला खानापूरकडे जाताना रस्त्याकडेचा पळस पेटलेला दिसतो. अंगावर पान नाही, नुसती फुलं. आणि घरी परसात मोगरा हिरवागार, पानांनी गच्च, कळी मात्र औषधालाही नाही. शेणखत घातलंय, रोज पाणी घातलंय, मग अडलं कुठे? अडलं ते रोजच्या पाण्यातच. पळसाला कुणी पाणी घालत नाही.

फुलं फाल्गुन-चैत्रात दिसतात, पण ती येणार की नाही हे मार्गशीर्ष-पौषातच ठरून गेलेलं असतं. त्या दोन महिन्यांत कोणत्या झाडाचं पाणी तोडायचं, कुणावर कात्री चालवायची आणि कुणाला हातसुद्धा लावायचा नाही, एवढं कळलं की निम्मं काम झालं. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. थंडीत लाड करतो आणि मार्चमध्ये फूल का नाही म्हणून आणखी खत ओततो.

आधी पायाखालची माती

एकाच जिल्ह्यात इथे दोन वेगळ्या दुनिया आहेत. बेळगाव शहराचा पश्चिम भाग आणि खानापूर तालुका म्हणजे तांबडी माती, खाली जांभा. पाणी झटकन निचरतं, माती आंबट, पण खताची ताकद पावसाबरोबर वाहून गेलेली. पूर्वेला अथणी, चिकोडी, रायबागकडे काळी, भारी जमीन. पाणी धरून ठेवते, चुनखडीचं प्रमाण जास्त आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यामुळे बेळगाव शहरातल्या टिळकवाडीतल्या मावशींनी सांगितलेला उपाय अथणीच्या भाच्याला जशाच्या तसा लागू होत नाही.

ओळखायचं कसं? एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. एकदा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर निचरा ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसलं तर तिथे झाड जमिनीत लावू नका. विटांची कड करून एक-सव्वा फूट उंच वाफा करा किंवा सरळ कुंडी घ्या.

कुंडीसाठी तांबडी माती असेल तर दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं कोकोपीट किंवा कुजका पाला. काळी माती असेल तर एक घमेलं माती, एक घमेलं जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि एक घमेलं शेणखत. दोन्हींत १२ इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. मिश्रण ओलसर करून मुठीत दाबा आणि गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. पडून फुटला तर छान. चिकटून राहिला तर वाळू वाढवा. मुठीत गोळाच झाला नाही तर खत वाढवा.

ऊसपट्ट्यात साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, स्वस्त मिळते. खत म्हणून ती चांगली, पण कुजलेली असेल तरच. ढिगात हात घालून पाहा. आत कोमट लागली किंवा आंबूस वास आला तर अजून दोन-तीन महिने थांबा. ताज्या मळीची उष्णता मुळं जाळते, आणि झाड सुकायला लागलं की माणूस पाणी वाढवतो, म्हणजे उरलीसुरली मुळंही कुजतात.

मोगरा: ताण, छाटणी, खत, पाणी, याच क्रमाने

इथल्या रोपवाटिकेत तुम्ही मोगरा मागाल आणि समोरचा माणूस कानडीत ‘दुंडुमल्लिगे’ म्हणेल. झाड तेच. एकेरी मोगरा ऐसपैस पसरतो आणि लवकर फुलतो. बटमोगऱ्याचं फूल लहान गुलाबासारखं गच्च, पण झाड सावकाश वाढतं. पहिलंच झाड लावताय तर एकेरी किंवा साधा दुहेरी घ्या, म्हणजे धीर सुटणार नाही. दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. त्यापेक्षा कमी ऊन मिळणार असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे, जागा बदला.

पहिली पायरी ताणाची, म्हणजे पाणी तोडण्याची. तुळशीचं लग्न झालं की पाणी हळूहळू कमी करत न्या. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत जमिनीतल्या झाडाला पाणी बंद. तांबड्या, हलक्या मातीत अगदीच मान टाकली तर मध्ये एकदा बादलीभर द्या. कुंडीतल्या झाडाला आठ दिवसांनी एक तांब्या, तोही मुळं जिवंत राहावीत एवढ्यासाठीच. पानं पिवळी पडतील, गळतील. घाबरू नका, तेच हवंय. शंका आली तर पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल नखाने जरा खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड विश्रांती घेतंय. कोरडं तपकिरी दिसलं तर ताण जास्त झाला, त्याच दिवशी पाणी द्या. पहिल्या वर्षाच्या रोपाला ताण देऊच नये, त्याची मुळं अजून तेवढी खोल गेलेली नसतात.

संक्रांत झाली की कात्री काढा. जमिनीतलं झाड दीड फुटावर, कुंडीतलं नऊ-दहा इंचांवर छाटा. वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढा. उरलेली पानं हाताने ओरबाडून टाका. झाड बोडकं दिसतं आणि घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, पण मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकालाच येते. जुनी काडी जपून ठेवली तर ती फक्त पाला देते.

मग बुंध्याभोवती फूट-दीड फूट अंतरापर्यंत तीन-चार इंच माती हलकेच उकरून तीन-चार दिवस उन्हात उघडी ठेवा. कुंडीत वरची दोन इंच माती काढून टाका. त्यानंतर खत. जमिनीतल्या मोठ्या झाडाला सुमारे १० किलो कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३० ग्रॅम पोटॅश. १२ इंची कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड, एक चमचा सुपर फॉस्फेट. युरिया नको. युरियाने पाला वाढतो, आणि पाल्याचीच तर तक्रार होती.

खत मातीने झाकलं की पहिलं पाणी भरपूर द्या. दोन महिने तहानलेल्या झाडाला एकदम मिळालेलं हे पाणी म्हणजे ऋतू बदलल्याचा निरोप असतो. पुढे कुंडीला एक दिवसाआड, जमिनीला आठवड्यातून एकदा. पंधरा-वीस दिवसांत पोपटी फूट दिसते आणि मार्चमध्ये टोकाला तीन-तीन कळ्यांचे झुबके धरतात. मधली कळी आधी उमलते. गजऱ्यासाठी कळ्या दुपारनंतर काढा, पण फुगलेल्या, पांढऱ्या झालेल्याच. हिरवट कळी दोऱ्यात ओवली तर तशीच मिटलेली सुकते. झुबका संपला की त्याखालच्या पानांच्या एका जोडीसकट टोक खुडा, म्हणजे बगलेतून नवी फूट आणि दुसरा बहर.

कळीला बारीक भोक असेल तर आत हिरवट अळी आहे. कळ्या बुडाशी जांभळट होऊन गळत असतील तर ती चिलटाएवढ्या माशीची करणी. दोन्हींत खाली पडलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाका. झाडाखालीच राहिल्या तर किडीची पुढची पिढी त्याच मातीतून वर येते. बरोबर दर आठ दिवसांनी संध्याकाळी निमतेलाची फवारणी: एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निमतेल आणि २ मिली पातळ साबण, आधी साबण पाण्यात, मग तेल.

अनंत: जानेवारीत कात्री लपवून ठेवा

मोगरा छाटल्यावर हात शिवशिवतात आणि शेजारच्या अनंतावरही कात्री चालते. तिथेच वर्ष वाया जातं. अनंताच्या कळ्या आधीच्या हंगामात वाढलेल्या काडीच्या टोकाला धरतात. जानेवारीत शेंडे कापले म्हणजे चैत्रातली फुलंच कापली. त्याची छाटणी बहर संपल्यावर, पावसाच्या तोंडाला. आणि त्याला मोगऱ्यासारखा ताणही नको. माती कायम हलकी ओलसर हवी.

अनंताला आंबट माती आवडते, म्हणून बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत तो खुशीत असतो. चिकोडी-अथणीकडच्या चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी घातलं की तांबड्या मातीच्या कुंडीतही हेच होतं, कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसते ती त्याचीच खूण. उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट: लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीनदा. फवारताना कुंडी फरशीवरून हलवा, हिराकशीचे गंजके डाग निघत नाहीत. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बरेचजण झाडांना घालतात. अनंताला ते घालू नका, नको असलेले सगळे क्षार त्यातच असतात.

कळी वाटाण्याएवढी होऊन गळते, ही दुसरी तक्रार. एखादा दिवस पाणी चुकणं, कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलणं किंवा मार्चमधलं दुपारचं कोरडं वारं, यापैकी एक कारण सापडतंच. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर भिंतीची सावली, अशी जागा एकदा ठरवा आणि मग कुंडी हलवू नका.

गुलाब: पाडव्यापासून उलटं मोजा

मुख्य छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर. तिची फुलं थंडीत येतात. वसंतासाठी दुसरी, हलकी छाटणी लागते. छाटल्यापासून फूल उमलायला साधारण ४५ दिवस धरा. गुढीपाडव्याला फुलं हवी असतील तर तेवढे दिवस मागे मोजून कॅलेंडरवर खूण करा. गेल्या बहराच्या काड्या एक तृतीयांश कमी करायच्या. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या उंचवट्याच्या, पाव इंच वर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता. डोळ्याला चिकटून कापलं तर डोळा वाळतो, फार वर कापलं तर वरचं खुंट सडत खाली येतं.

कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून दोन्ही एकत्र करा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडी नको. त्याच दिवशी वापरा. चार कुंड्यांना एवढं लागत नाही, हे खरं. शेजाऱ्यांना बोलवा.

कलमाच्या गाठीखालून तरारून येणारा, फिकट, सरळसोट फुटवा पाहून आनंद होतो. तो ज्यावर कलम बांधलं त्या रानगुलाबाचा आहे. कात्रीने कापला तर पुन्हा येतो, म्हणून बुडाशी माती सारून खाली ओढून उपटा. माघातल्या धुक्यात नव्या पानांवर पिठासारखी भुरी आली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात गंधक फवारलं तर पानं करपतात.

बोगनवेलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिच्यासाठी फार करायचंच नसतं. पूर्ण ऊन, लहान कुंडी, दिवाळीनंतर पाणी तोडायचं. पानं मलूल झाली की मगच पाणी. रंगीत दिसतात ती पानंच. खरं फूल त्यांच्या मधोमध असतं, पांढरं, नळीसारखं. बोगनवेल फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्याच्या घरी ती बहुतेक वेळा मोठ्या कुंडीत, शेणखतावर आणि रोजच्या पाण्यावर पोसलेली सापडते.

हंगामी फुलं: दोनदा पेरा

पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, कॅलेंडुला, डॉग फ्लॉवर ही मंडळी एका हंगामाची. बेळगावची थंडी त्यांना मानवते. पहिली पेरणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर, दुसरी नोव्हेंबरच्या मध्याला. एकदाच पेरणाऱ्यांची बाग जानेवारीत बहरते आणि होळीला थकलेली असते. दुसरी पेरणी मार्च सांभाळते. पूर्वेच्या तालुक्यांत ऊन लवकर चढतं, तिथे दुसरी पेरणी आठवडाभर आधी उरका.

ट्रेमध्ये ओलं कोकोपीट आणि गांडूळखत तीनास एक. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं. ते बारीक वाळूत मिसळून वर भुरभुरा आणि झाकू नका, त्याला उजेड लागतो. कॅलेंडुलाचं वाकडं बी अर्धा इंच खाली जाऊ द्या. वरून झारीने पाणी घातलं की बी एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून ट्रे पाणी भरलेल्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या आणि वर काळसर झाल्यावर काढा. उगवलेली रोपं जमिनीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन कोलमडली तर ती मर. दाटी आणि जादा ओल ही कारणं. मेलेली रोपं मातीसकट काढा, बाकीच्यांना वारा आणि ऊन द्या.

सहा पानं झाली की लावणी. फ्लॉक्स, डायँथस सहा-सात इंचांवर, पिटुनिया, कॅलेंडुला, डॉग फ्लॉवर दहा-बारा इंचांवर. सुरुवातीला वाफा रिकामा दिसतो, म्हणून मध्ये आणखी रोपं कोंबू नका. पिटुनिया आणि डॉग फ्लॉवर चार इंचांचे झाले की शेंडा खुडा. एकाऐवजी चार फांद्या मिळतात. पुढे वाळकी फुलं रोज खुडायची. पाकळी ओढून चालत नाही, मागचं बोंड निघालं पाहिजे. बोंड राहिलं की झाड बी करायला लागतं आणि नव्या कळ्या थांबतात.

तंबाखूच्या निपाणी भागासाठी एक खास गोष्ट. पिटुनिया तंबाखूच्याच कुळातलं आहे आणि तंबाखूचा मोझॅक विषाणू त्याला सहज लागतो. पानांवर फिकट-गडद चट्टे, सुरकुत्या, वाढ खुंटलेली. यावर औषध नाही, रोप उपटून टाकावं लागतं. वखारीतून आलेल्या किंवा तंबाखू मळणाऱ्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना आणि शेंडे खुडायच्या कात्रीला हात लावू नये. तंबाखूचा काढा कीडनाशक म्हणून फवारायची जुनी सवयही सोडलेली बरी. त्यातलं निकोटीन फवारणाऱ्याच्या कातडीतून अंगात जातं.

लिलीचे कांदे

लाल, पांढरी, पट्ट्यांची मोठी लिली, म्हणजे अमॅरिलिस. नोव्हेंबरपासून पाणी बंद, पानं वाळू द्या. जानेवारीअखेर कांदा काढून कुजकी मुळं साफ करा आणि नव्या मातीत असा लावा की वरचा एक तृतीयांश भाग उघडा राहील. पूर्ण गाडलेला कांदा मानेशी कुजतो. एकदाच पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत थेंब-थेंब. लिंबाएवढा कांदा यंदा फुलणार नाही, त्याला वर्षभर खाऊपिऊ घाला. फुलं गेल्यावर दांडा कापा, पानं मात्र ठेवा. पुढच्या वर्षीची कळी कांद्यात तयार होते ती पावसाळ्यात, याच पानांच्या जिवावर.

मार्चचं ऊन आणि पाणी

कळ्या धरल्यापासून मात्र पाण्याची कंजुषी नको. नळाला रोज पाणी येत नसेल तर पाणी येईल त्या दिवशी झाडं बुडवून टाकायची आणि मग चार दिवस कोरडी ठेवायची, असं होतं आणि कळ्या गळतात. एक पिंप फक्त झाडांसाठी ठेवा. पाणी सकाळी लवकर. काळ्या मातीची कुंडी उन्हाने आकसून कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहतं, आणि खालून पाणी आलं म्हणजे भिजलं असं आपण समजतो. आत ढेकूळ कोरडंच असतं. काडीने कडेची माती सैल करा, थोडं पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा घाला. खानापूरकडच्या भाजक्या मातीच्या कुंड्या देखण्या असतात, पण अंगातून पाणी सोडतात. बोगनवेलीला त्या उत्तम, अनंताला प्लास्टिकची किंवा सिमेंटची बरी.

उसाचं पाचट हाताशी आहेच. ते चार-चार इंचांचे तुकडे करून बुंध्याभोवती दोन इंच थर द्या, खोडापासून दोन बोटं लांब. तांबड्या मातीत वाळवी लागू शकते, म्हणून थराखाली निंबोळी पेंड भुरभुरा आणि आठवड्याला एकदा पाचट उचलून पाहा.

याच दिवसांत पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात, मागे बारीक जाळी. तो कोळी, म्हणजे पानांचा रस चोखणारी बारीक कीड. पान पांढऱ्या कागदावर झटका, लालसर ठिपके चालताना दिसतील. आधी फक्त पाणी वापरा: पानांच्या मागच्या बाजूने जोराचा फवारा, तीन दिवस लागोपाठ. कोरड्या हवेत तो वाढतो आणि ओलीला कंटाळतो. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर तो शेंडाच कापून पिशवीत बांधा. नुसतं निमतेल त्याच्या मेणाच्या कवचावरून ओघळून जातं. आणि मुंग्यांची रांग आधी तोडा, कारण त्याला या झाडावरून त्या झाडावर नेणाऱ्या त्याच.

एप्रिलमध्ये वळीव पडला की चार-पाच दिवस पाणी देऊ नका. गारांनी फाटलेली पानं तशीच राहू द्या, फक्त मोडलेल्या फांद्या नीट कापा. मोगरा त्या पावसावर पुन्हा फुटेल. मृग लागेपर्यंत अनंताची शेवटची फुलं पिवळी पडलेली असतील. जानेवारीत लपवलेली कात्री तेव्हा काढा आणि फुलून गेलेल्या प्रत्येक काडीचं टोक पानांच्या दोन जोड्यांवर कापा.